कंपनीची की बाहेरची? लेन्स घेण्याआधीचा खटाटोप

भाचीचा फोन आला तेव्हा मी बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये स्कूटरपाशी उभा होतो. मिस्त्री विचारत होता, "ब्रेक शू कंपनीचे टाकू की बाहेरचे?" आणि कानात भाची विचारत होती, "मामा, लेन्स कंपनीची घेऊ की बाहेरची?" मिस्त्रीला लगेच सांगितलं, कंपनीचेच टाक. भाचीला म्हटलं, "रविवारी कॅमेरा घेऊन ये, सेव-उसळ खाऊ आणि बघू."

तिच्याकडे कॅननचा आर ५० आहे आणि त्याच्याबरोबर मिळालेली १८-४५ मिमीची किट लेन्स (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंथ; तो लहान तर चौकट रुंद, मोठा तर लांबचं जवळ). नवरात्र दीड महिन्यावर आलं होतं आणि तिला गरब्याचे फोटो काढायचे होते. त्या रविवारपासून घटस्थापनेपर्यंत आम्ही जे जे पडताळून पाहिलं ते इथे क्रमाने लिहितो. तुमचा कॅमेरा कुठलाही असो, क्रम शक्यतो हाच ठेवा. बहुतेक जण किमतीपासून सुरुवात करतात आणि तिथेच गोंधळ होतो.

ब्रेक शूचा न्याय इथे लागत नाही

बाहेरचा ब्रेक शू कुणी बनवला हे बऱ्याचदा मिस्त्रीलाही ठाऊक नसतं. लेन्सच्या बाबतीत 'बाहेरच्या' म्हणजे टॅमरॉन, जी १९५० पासून आहे. सिग्मा, जी १९६१ पासून आहे. शिवाय टोकिना, कोरियाची सॅमयांग आणि अलीकडच्या व्हिल्ट्रॉक्ससारख्या चिनी कंपन्या. सिग्माचा कारखाना जपानमध्ये फुकुशिमा प्रांतातल्या आयझू इथे आहे. याच सिग्माने २०१३ मध्ये १८-३५ मिमीची अशी झूम काढली जिचं अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, या टोकापासून त्या टोकापर्यंत एफ १.८ राहतं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). तशी झूम तेव्हा ना कॅननकडे होती ना निकॉनकडे. त्यामुळे बाहेरच्या लेन्सची काच हलकी असते, ही समजूत आधी सोडून द्या.

खरा फरक बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि लेन्स यांच्या आपसातल्या बोलण्यात असतो. लेन्स काढून तिची मागची बाजू पाहा. धातूच्या कड्याच्या आत सोनेरी ठिपक्यांची एक ओळ दिसेल. त्या ठिपक्यांतून बॉडी लेन्सला सांगत असते, फोकस एवढा पुढे घे, अॅपर्चर एवढं मिट. आणि लेन्स उलट कळवते, मी आत्ता इथे आहे, फोकल लेंथ इतकी आहे. धावत्या माणसावर फोकस धरताना हे बोलणं सेकंदात कित्येकदा होतं. ही भाषा कॅमेरा कंपनीच्या घरातली. बाहेरच्या कंपनीला ती एकतर रीतसर परवान्याने मिळते, नाहीतर भिंतीला कान लावून शिकावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये मी हाच एक प्रश्न फिरवून फिरवून विचारणार आहे: तुमच्या कामाला हे बोलणं किती लागतं?

पहिली पायरी: आपले जुने फोटो चाळा

दुकानात जाण्याआधी लॅपटॉपवर बसा. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिमीवर काढला हे लिहिलेलं असतं. भाचीने आधी सांगितलं होतं की तिला 'सगळ्यासाठी एक' लेन्स हवी. फोटो चाळले तेव्हा दिसलं की मधल्या २५ ते ३५ मिमीचा तिने जवळपास वापरच केलेला नाही. ४५ मिमीवर काढलेले ढीगभर फोटो होते: कॉलेजचं स्टेज, गरब्याची प्रॅक्टिस, आजीचा चेहरा. १८ मिमीवर तेवढेच: लक्ष्मी विलास पॅलेस, मांडवीचा दरवाजा, अरुंद पोळातली, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीतली, घरं. म्हणजे तिला लेन्स एक नाही, दोन हव्या होत्या आणि दोघींचं काम वेगळं होतं.

एक हिशेब इथेच करून टाका. छोट्या म्हणजे एपीएस-सी सेन्सरवर चौकट मोठ्या 'फुल फ्रेम' सेन्सरपेक्षा अरुंद होते, म्हणून फोकल लेंथला निकॉन, सोनी, फुजी असेल तर १.५ ने आणि कॅनन असेल तर १.६ ने गुणायचं. भाचीच्या बॉडीवर ५० मिमीची लेन्स ८० मिमीसारखी दिसते. चेहऱ्याला छान, खोलीतल्या पंगतीला अगदीच गैरसोयीची.

दुसरी पायरी: तुमच्या माउंटचं दार किती उघडं आहे

माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ती जोडणी. ती कुणाकुणाला खुली आहे हे पाहायला लोक विसरतात. मग आवडलेली लेन्स आपल्या कॅमेऱ्यासाठी बनतच नाही हे पैसे मोजताना कळतं.

सोनीचा ई माउंट २०१० चा. २०११ मध्येच सोनीने त्याची मूळ माहिती इतर लेन्स कंपन्यांना देऊ केली. सोनीचे टॅमरॉनमध्ये समभागही आहेत. त्यामुळे सोनीवाल्यांपुढे सिग्मा-टॅमरॉनची मोठी पंगत मांडलेली आहे आणि त्या लेन्सचा ऑटोफोकस, डोळ्यावर फोकस धरणं, सगळं उत्तम चालतं. मात्र काही पदार्थ घरच्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. सोनीच्या सर्वांत वेगवान बॉडींवर बाहेरच्या लेन्सने सेकंदाला जास्तीत जास्त १५ फोटो निघतात, सोनीचा टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंथ वाढवणारा जोड) त्यांना बसत नाही आणि व्हिडिओत फोकस सरकताना चौकट आत-बाहेर होते ती सावरण्याची सोय सोनीच्याच ठरावीक लेन्सना आहे.

कॅननने २०१८ मध्ये आरएफ माउंट आणला आणि दार लावून घेतलं. २०२२ मध्ये व्हिल्ट्रॉक्सला आरएफच्या ऑटोफोकस लेन्स थांबवायला लावल्या. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना मिळाला, तोही एपीएस-सी लेन्सपुरता. भाचीचा आर ५० एपीएस-सी आहे, म्हणून तिच्यापुढे सिग्माची १८-५० मिमी एफ २.८ आणि एफ १.४ च्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स असे पर्याय होते. फुल फ्रेम कॅननवाल्यांनी मन बनवण्याआधी ताजी यादी पाहून घ्यावी. त्यांच्यासाठी आणखी एक जुना पण भक्कम रस्ता आहे: कॅननचंच अॅडॉप्टर लावून जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स वापरायच्या. ईएफ माउंट १९८७ पासूनचा, त्यामुळे सेकंड हँड बाजारात कंपनीच्या आणि बाहेरच्या दोन्ही लेन्स भरपूर.

निकॉन झेडचं दार अर्धं उघडं म्हणा. २०२२ पासून टॅमरॉन आणि २०२३ पासून सिग्मा त्यासाठी लेन्स काढू लागल्या. फुजीने २०२० च्या सुमारास एक्स माउंट मोकळा केला. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी तर २०१८ मध्ये एल माउंटवर युतीच केली. तिथे सिग्माला 'बाहेरची' म्हणणंच चूक.

जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, वापरणाऱ्यांसाठी, आणि आपल्याकडे असे पुष्कळ आहेत, एक खास सूचना. निकॉनच्या डी ३४०० किंवा डी ५३०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. लेन्समध्येही मोटर नसेल तर फोकस हाताने फिरवायचा. स्वस्तात मिळते म्हणून निकॉनचीच ५० मिमी एफ १.८ डी घेऊन हात चोळत बसलेले मी पाहिले आहेत. निकॉनच्याच एएफ-पी प्रकारच्या लेन्स काही जुन्या निकॉन बॉडींवर फोकसच करत नाहीत. 'कंपनीची' एवढा शिक्का पुरत नाही तो असा.

तिसरी पायरी: काम कुठलं, बोलणं किती

गरब्यापासून सुरू करतो. बडोद्याचा गरबा गोल फिरतो, मध्ये गाणारे आणि भोवती रिंगणांवर रिंगणं. नाचणारी बाई तुमच्याकडे येते, वळते, टाळी देते, पाठ फिरवते. तिला गोठवायला शटरचा वेग किमान १/२५० सेकंद हवा. भाचीची किट लेन्स ४५ मिमीवर एफ ६.३ पर्यंतच उघडते. मैदानावरच्या दिव्यांत तिला आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, २५,६०० पर्यंत न्यावा लागत होता आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे येत होते. एफ १.८ म्हणजे एफ ६.३ च्या जवळजवळ बारापट प्रकाश. तोच फोटो आयएसओ २,००० च्या आसपास निघतो. इथे 'स्टॅबिलायझेशन आहे का' असं दुकानदाराला विचारू नका. ते तुमचा हात स्थिर करतं, नाचणारीला नाही.

मग सिग्माची ५६ मिमी एफ १.४ की कॅननची ५० मिमी एफ १.८? गंमत अशी की इथे कंपनीची लेन्सच बरीच स्वस्त. एफ १.४ ने प्रकाश साधारण दीडपटीहून थोडा जास्त मिळतो, घडण चांगली, कडांपर्यंत चित्र स्पष्ट. पण एफ १.४ वर फोकसची खोली इतकी पातळ की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ. फिरत्या रिंगणात मी तरी एफ २ च्या खाली जाणार नाही. मग न वापरायच्या उघडझापीचे पैसे कशाला द्यायचे? माझं मत कंपनीच्या बाजूने पडलं.

लग्नाचं काम याहून कठीण, कारण तिथे दुसरी संधी नसते. एका नातेवाइकाच्या लग्नात माझ्याकडे बाहेरच्या कंपनीची एक जुनी टेली झूम होती. कंपनी कुठली ते जाऊ द्या. मंगलाष्टकं संपली, 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला आणि त्याच क्षणी शंभर हातांनी अक्षता उडाल्या. लेन्सने नवरीचा चेहरा सोडून हवेतल्या तांदळाचा फोकस धरला, मग घाबरून मागच्या पडद्यावर गेली, मग परत आली. तोवर हार घालून झाले होते. माझ्याकडे त्या लग्नाचा एक अप्रतिम फोटो आहे: सात-आठ लालसर दाणे काचेसारखे स्पष्ट, आणि मागे दोन धूसर माणसं. अर्धा दोष माझा, मी फोकसचा चौकोन मोकळा सोडला होता. पण त्याच मांडवातल्या धंदेवाईक फोटोग्राफरची कंपनीची ७०-२०० एकदाही डगमगली नाही. पैसे घेऊन लग्नं करत असाल तर एक लेन्स, नेहमीच्या वापरातली मुख्य झूम, कंपनीची ठेवा. सोनीवर असाल तर हा नियम सैल करायला हरकत नाही.

पक्ष्यांकडे या. डभोईजवळचं वढवाणा तळं २०२१ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं. थंडीत तिथे पट्टकादंब उतरतात, पण काठापासून इतके लांब की ३०० मिमीवर पांढरे ठिपके. इथे ६०० मिमी पाहिजेच, आणि हौशी माणसाला ६०० मिमी परवडायला लागली ती बाहेरच्यांमुळे. टॅमरॉनची १५०-६०० आली २०१३ च्या अखेरीस, सिग्माने तशाच दोन आवृत्त्या पुढच्या वर्षी जाहीर केल्या. माझी सिग्माची हलकी आवृत्ती जवळपास दोन किलोची आहे. 'हलकी' हा शब्द तिच्या थोरल्या बहिणीच्या तुलनेत. बसलेल्या पक्ष्याला ती कशातही कमी नाही. थवा एकदम उडाला की कंपनीची लेन्स दहातले जास्त फोटो पकडेल हे मान्य. पण मी त्या फोटोंवर पोट भरत नाही. विश्वामित्रीच्या पुलावरून मगरीचे फोटो काढायला तर ऑटोफोकसचा वेग बोलायचाच विषय नाही, मगर तासभर तोंड उघडून पडून असते.

मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंसाठी, बाहेरची लेन्स डोळे मिटून घ्या. कमाटी बागेत फुलपाखराच्या तोंडाशी गेल्यावर ऑटोफोकस बंदच करायचा असतो. फोकस एका जागी ठेवून स्वतः पुढे-मागे डोलायचं. बोलणं जवळजवळ शून्य. टॅमरॉनची ९० मिमी मॅक्रो १९७९ पासून लोक वापरतात, ते उगाच नाही.

वास्तूंचंही तसंच. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, खोल्या लहान आणि अंधाऱ्या. भिंत पळून जात नाही, त्यामुळे हाताने फोकस करायची स्वस्त वाइड लेन्ससुद्धा चालते. फक्त एक पाहा: चित्रांच्या चौकटी सरळ असतात आणि काही स्वस्त वाइड लेन्स सरळ रेषेची मिशी करतात. सॅमयांगची १४ मिमी एफ २.८ यासाठी प्रसिद्धच आहे. कॉम्प्युटरवर तिचं प्रोफाइल (त्या लेन्सचा दोष सुधारणारी फाइल) लावून रेषा सरळ करायची तयारी असेल तरच घ्या. आणि वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉड न्यायचा तर परवानगीचं आधी पाहा.

चौथी पायरी: दुकानात

आपली बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घेऊन जा. दुकानाच्या बॉडीवर लेन्स पाहून घेऊ नका. समोरच्या बंद दुकानाचं लोखंडी शटर हा फुकटातला टेस्ट चार्ट आहे. त्याच्या अगदी समोर उभं राहून, कॅमेरा शटरला समांतर ठेवून, सर्वांत उघड्या अॅपर्चरवर एक, एफ २.८ वर एक आणि एफ ५.६ वर एक फोटो काढा. मग पडद्यावर मोठा करून चारही कोपरे पाहा. पूर्ण उघड्या लेन्सचे चारही कोपरे सारखे मऊ असतील तर तो स्वभाव समजा. तीन कोपरे ठीक आणि एकच पुसट, आणि एफ ५.६ वरही तसाच, तर आतली काच तिरकी बसलेली असू शकते. दुसरा नग मागा. हे कंपनीच्या लेन्समध्येही होतं. बाहेरच्यांच्या बाबतीत जरा जास्त चौकस राहा एवढंच.

आम्ही हे करत होतो तेव्हा समोरच्या शटरमागून मालकच बाहेर आले आणि म्हणाले, "महानगरपालिकेतून आलात का?" शटरचं माप घेतोय असं वाटलं त्यांना.

नंतर ऑटोफोकस. जवळची वस्तू, मग रस्त्यापलीकडची पाटी, पुन्हा जवळची, असं दहा वेळा. दुकानातल्या पोऱ्याला तुमच्याकडे चालत यायला सांगा आणि सलग फोटो काढा. व्हिडिओ करणार असाल तर दहा सेकंद रेकॉर्ड करून मोटरची घरघर ऐका. झूम असेल तर तोंड खाली करून धरा, नळी आपोआप घसरते का ते कळेल. झूमची रिंग तुमच्या सवयीच्या उलट फिरते का हेही पाहा. बाहेरच्या लेन्समध्ये असं होतं आणि लग्नाच्या गडबडीत हात नेमका उलट वळतो. माउंटवर लेन्स किंचित हलली तर घाबरू नका, तेवढं चालतं.

पाचवी पायरी: बिल, वॉरंटी, सेकंड हँड

जीएसटी बिलावर लेन्सचा सिरियल नंबर लिहून घ्या. दुकानदाराला सरळ विचारा: बिघडली तर कुठे जाणार, किती दिवसांनी येणार? बाहेरच्या लेन्सची वॉरंटी बहुधा आयातदाराकडून असते. 'इम्पोर्टेड आहे, बिलाचं नंतर बघू' असं म्हणून स्वस्त देतात ती लेन्स स्वस्त नसते. पुढे विकायची झाली तर कंपनीच्या लेन्सला सहसा जास्त भाव येतो, तेही हिशेबात धरा.

सेकंड हँड घेताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून तिरकं पाहा. कापसाच्या तंतूंसारखी जाळी दिसली तर बुरशी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं होतं, त्यामुळे बडोद्यात माउंटचे स्क्रू आणि रबरी रिंगची कड विशेष बघा. गंज किंवा चिखलाची रेघ असेल तर नमस्कार करून निघा. फिल्मच्या काळातली बाहेरची ऑटोफोकस लेन्स असेल तर आपल्या बॉडीवर अॅपर्चर मिटवून फोटो काढूनच पैसे द्या. बऱ्याच जुन्या सिग्मा लेन्स नव्या कॅनन डीएसएलआरवर पूर्ण उघड्या चालतात आणि अॅपर्चर मिटवलं की एरर दाखवतात; भिंतीला कान लावून शिकलेली भाषा जुनी झालेली असते.

सहावी पायरी: घरी आणल्यावर

बाहेरची लेन्स असेल तर पहिल्याच दिवशी फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) ताजं आहे का पाहा. बॉडीची भाषा बदलत राहते आणि लेन्सला नवे शब्द शिकवावे लागतात. टॅमरॉनच्या बऱ्याच नव्या लेन्सवर यूएसबी-सी असतं, डीएसएलआरच्या सिग्मा लेन्सना डॉक (कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) लागतो, मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, बहुधा बॉडीतूनच काम होतं. कॅननच्या डीएसएलआरवर बाहेरची लेन्स लावल्यास कडा उजळवण्याची सोय मेनूतून बंद करा. बॉडी तिला दुसरीच लेन्स समजून भलतीकडे उजळवू शकते.

आणि पावसाळा. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. माझ्या घरी हा डबा चकलीचा आहे आणि दर दिवाळीला त्यावरून वाद होतो.

भाचीने शेवटी कॅननची ५० मिमी एफ १.८ घेतली. तिसऱ्या माळेला रात्री साडेअकराला तिचा फोटो आला: दुसऱ्या रिंगणातली एक साठीची बाई, टाळीसाठी हात उचललेले, चष्म्याच्या काचेत मैदानावरचे दिवे आणि त्यामागे डोळा अगदी स्पष्ट. खाली लिहिलं होतं, "मामा, एफ २.२." वाइडसाठी ती सिग्माच्या १०-१८ वर डोळा ठेवून आहे. पैसे जमेपर्यंत तांबेकर वाडा किट लेन्सवर, आणि वढवाणाला जायचं म्हटलं की माझी सिग्मा तिच्या खांद्यावर.